'छलो अद री' म्हणणारे सगळे, 'सुळ्ळ' म्हणणारं कोण?

मागच्या दिवाळीनंतर आपल्या मैंदर्गीत एका पुस्तकाचं प्रकाशन झालं. तुमच्यापैकी बरेच जण होते. फोटो मीच टाकले होते. लेखक म्हणजे मला चौथीपर्यंत शिकवलेले गुरुजी. नाव लिहीत नाही, गावातल्यांना सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. पेन्शनच्या पैशातून सोलापूरच्या प्रेसमध्ये दोनशे प्रती छापल्या. गावच्या आठवणी, गावची घराणी, जत्रा, दुष्काळ, सीमाभागाची भानगड, असं सगळं त्यात आहे.

स्टेजवर सहा जण बोलले, त्यातला एक मी. पत्रकार म्हणून बोलावलेलं. मी म्हणालो, हे पुस्तक गावचा आरसा आहे, पुढच्या पिढीसाठी ठेवा आहे, वगैरे. टाळ्या पडल्या. शाल, नारळ, फेटा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलम बातमीपण लावली.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरत होते तेव्हा गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "खरं सांग, वाचलास का रे?"

मी म्हणालो, "वाचलो की गुरुजी. छलो अद री."

खोटं बोललो. वीस-बावीस पानं चाळली होती. प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि आपल्या गल्लीचं नाव कुठं आलंय का ते बघितलं होतं. गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. पाढे चुकल्यावर बघायचे तसं. मग म्हणाले, "सगळे छलो अद म्हणतात बघ. दोनशेतल्या एकशे सत्तर प्रती वाटल्या, एक माणूस म्हणत नाही की अमुक पानावर तू चुकलास. म्हणजे एक तर मी एवढा मोठा लेखक झालोय, नाहीतर कुणी वाचलंच नाही."

ते वाक्य डोक्यातून जात नाही म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

आपल्याकडं लिहिणाऱ्याला खरं सांगायची रीतच नाही, असं आपण म्हणतो. पण मराठीत ती होती. चांगली दीडशे वर्षांची आहे. ती कशी होती, कुणी कुणाला काय सांगितलं आणि त्याचं काय झालं, हे मी गेले काही दिवस वाचत होतो. आणि जरा शरमलो.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करतो. पण 'गुलामगिरी'वरून नाही, 'शेतकऱ्याचा असूड'वरून. हे पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये पुरं केलं. आपण सगळ्यांनी त्याच्या पहिल्या ओळी शाळेत ऐकलेल्या असतात, विद्येविना मती गेली त्या. पण ते पुस्तक कसं लिहिलं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. जसजसा भाग तयार होत गेला तसतसा फुल्यांनी तो लोकांपुढं वाचला. मुंबई, पुणे, ठाणे तर झालंच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर, वांगणी अशा गावांतल्या लोकांनी तो बारकाईनं ऐकला. बडोद्याला सयाजीराव महाराजांसमोरपण वाचला. ऐकणाऱ्यांनी, यातला मजकूर खरा आहे असं म्हणून आपापल्या सह्या पाठवल्या, असं ते स्वतःच सुरुवातीला नोंदवून ठेवतात.

जरा थांबून विचार करा. पुस्तक शेतकऱ्याबद्दल आहे. सारा, कर्ज, कुलकर्ण्याची लेखणी, सरकारी कारकून, जंगलखातं, पाटबंधारे, याबद्दल आहे. आणि छापायच्या आधी ते कुणाला दाखवलं? ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनाच. ओतूरचा माणूस म्हणाला असता, 'तात्या, आमच्याकडं हे असं होत नाही', तर? फुल्यांना ते ऐकावं लागलं असतं. त्यांनी ती सोय आधीच करून ठेवली होती. आज आपण पुस्तकाच्या मागच्या पानावर मोठ्या साहित्यिकाचा अभिप्राय छापतो. फुल्यांनी शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या.

त्यातच दुसरी गोष्ट झाली. 'दीनबंधु' पत्राचे नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे जवळचे सहकारी. त्यांनी 'असूड'ची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापली नाहीत. सरकारवरची टीका जड वाटली असणार. फुल्यांनी मुलाहिजा ठेवला नाही, आपल्याच माणसाला भेकड ठरवून मोकळे झाले. लोखंडे म्हणजे साधा माणूस नव्हे, गिरणी कामगारांची संघटना उभी करणारा, रविवारची सुट्टी मिळवून देण्यात ज्याचं नाव घेतात तो. पण इथं कमी पडलास, हे सांगायला फुले कचरले नाहीत. मी पत्रकार आहे म्हणून हा भाग मला जास्त टोचला. छापायचं राहून गेलेलं दुसरं प्रकरण माझ्याही टेबलाच्या खणात आहे, बघा.

आता त्याच काळातली उलटी गोष्ट. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली. मराठी गद्य घडवणारा माणूस, यात वाद नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षात, १८८२ साली गेले, तेवढ्यात ८४ अंक काढून. पुस्तकं परखडपणे तपासायची सवय मराठीला त्यांनी लावली. त्यांनी फुल्यांच्या लिखाणावरपण लिहिलं. पण काय लिहिलं? फुल्यांचं व्याकरण, शुद्धलेखन, भाषा यांची टर उडवली. बहुतेक सगळा जोर तिथंच. मजकूर काय सांगतोय, तो खरा की खोटा, ओतूरच्या शेतकऱ्याचं खरंच तसं चाललंय का, याकडं फारसं गेलेच नाहीत.

हे मी चिपळूणकरांना नावं ठेवायला सांगत नाही. हे माझ्याबद्दल आहे. आठेक वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या एका गावातला पोरगा माझ्याकडं कवितांची वही घेऊन आला होता. घरात कन्नड, शाळेत मराठी, आपल्या सगळ्यांसारखंच. कवितेत मध्येच कन्नड शब्द, वाक्याची ठेवणपण कन्नडची. मी लाल पेन काढला. हा शब्द मराठीत नाही, इथं लिंग चुकलं, इथं 'ला' नको 'ने' पाहिजे. पानं भरून खुणा केल्या. मला वाटलं, मी केवढा प्रामाणिक. पोरगा 'हौद री सर' म्हणून वही घेऊन गेला. परत आला नाही. आता पुण्याच्या बाजूला कुठल्या तरी कंपनीत आहे, लिहितो का विचारायचं धाडस मला झालेलं नाही. मी त्याचं एकही वाक्य खोटं ठरवलं नव्हतं. सगळ्या खुणा व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणं बरोबर होत्या. पण वहीत काय होतं हे आज मला आठवत नाही. फक्त चुका आठवतात.

तेव्हा तोंडावर कडू बोललं म्हणजे प्रामाणिक अभिप्राय झाला, असं नाही. आधी समोरचा काय म्हणतोय ते ऐकलेलं असावं लागतं.

याचा कळस १८८५ मध्ये झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आज जे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरतं, त्याचा पहिला आकडा तिथून मोजतात. दुसरी सभा २४ मे १८८५ ला पुण्यातच. रानड्यांनी फुल्यांना आमंत्रण पाठवलं. फुल्यांनी जायला नकार दिला आणि कारण सांगणारं पत्र लिहिलं. ते ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं.

ते पत्र साहित्याच्या इतिहासात बंड म्हणून शिकवतात. मी ते यावेळी अभिप्राय म्हणून वाचलं. एका वाचकाचा, एका लेखकाचा, लेखकांच्या अख्ख्या सभेला दिलेला अभिप्राय. सारांश माझ्या शब्दांत असा, की तुमच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा आणि पुस्तकं जुळत नाहीत, कारण आम्ही काय सोसतो हे तुमच्या पुस्तकांत नाही, आणि जो माणूस दुसऱ्याला माणसाचे हक्क देत नाही त्याच्या लिखाणात ते येणार तरी कुठून. भाषा सौम्य नाही. पण लक्षात घ्या, रानड्यांनी बोलावलं होतं मोठेपणानं. खुर्ची मिळत होती. शाल-नारळाचा तेव्हाचा जो काही प्रकार असेल तो मिळाला असता. फुल्यांनी त्याऐवजी खरं सांगितलं.

रानड्यांनी पुढं मराठी ग्रंथांचा आढावा घेतला, संमेलनं भरत राहिली. आपल्या सोलापुरात १९४१ ला वि. स. खांडेकर अध्यक्ष होते, २००६ ला सोलापूरचेच मारुती चितमपल्ली होते, मध्ये १९८० ला बार्शीत सरदार होते. पण त्या पत्राचं उत्तर द्यायला मराठी साहित्याला साधारण ऐंशी वर्षं लागली. ते पुढं येतंच.

मधल्या काळातला एक किस्सा सांगतो, कारण तो मला फार आवडतो. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी केलं, 'विकारविलसित', १८८३ मध्ये. आगरकर तेव्हा पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते. त्यांच्याच शाळेत शिकलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, त्यानं गुरूच्या भाषांतरावर बहात्तर पानी टीका लिहिली. बहात्तर! पोरगा म्हणजे हरि नारायण आपटे. तेच पुढं 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिणारे, 'करमणूक' चालवणारे. या टीकेनं गुरु-शिष्याचं नातं तुटलं नाही. आगरकरांच्या सुधारणेच्या विचाराची छाप आपट्यांच्या कादंबऱ्यांवर शेवटपर्यंत दिसते. मला मात्र गुरुजींच्या पुस्तकाची बहात्तर पानं वाचायला जड गेलं होतं, लिहायचं तर सोडाच.

मग १९२० नंतरचं पुणं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर, अशी मंडळी रविवारी चहाला जमायची आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायची. तेच रविकिरण मंडळ, १९२३ चं. कवितेवर आपसात बोलणं व्हायचं, एकमेकांचं ऐकायचे, पुस्तकं एकत्र काढायचे. चांगली सोय होती. पण एक झालं, सगळे एकमेकांचेच वाचक. मग अत्र्यांनी १९२५ मध्ये 'केशवकुमार' नावानं 'झेंडूची फुले' काढलं. सगळ्या कवींच्या लकबी उचलून विडंबन. महाराष्ट्र हसला. कुणाचं शब्दांचं वेड, कुणाचा हुंदका, कुणाचं फारशी, एकेक लकब उघडी पडली. चहाच्या टेबलावर दोन वर्षांत जे कुणी कुणाला बोललं नसतं ते एका पातळ पुस्तकानं बोललं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या साहित्य ग्रुपवर एखादा केशवकुमार पाहिजे, असं मला रोज सकाळी सुविचार वाचताना वाटतं. असो.

आता ज्या भागावर मला थांबायचंय तो. 'सत्यकथा'.

जुन्या वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या मौजेचं हे मासिक. श्री. पु. भागवत आणि नंतर राम पटवर्धन यांनी ते चालवलं. त्यांचं वैशिष्ट्य असं, की कथा नुसती साभार परत यायची नाही. सोबत पत्र यायचं. इथं पात्र अर्धवट राहिलंय, हा शेवट ओढून आणलाय, हे पान काढून बघा, पुन्हा लिहून पाठवा. गावोगावचे नवे लेखक पोस्टमनची वाट बघायचे. कथा दोन-दोन, तीन-तीन वेळा जायची-यायची. त्या काळातल्या कितीतरी लेखकांनी आपण या पत्रांवर शिकलो असं लिहून ठेवलंय. पटवर्धन स्वतः 'पाडस'सारखं भाषांतर करणारे, म्हणजे शब्दाचं वजन कळणारा माणूस. ज्याला आपलं नाव कुठंही छापून येणार नाही अशा कामावर, दुसऱ्याच्या गोष्टीवर, तो इतका वेळ घालवायचा.

मला हे थोडं अनुभवानं कळतं. सोलापुरात पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी पेपरात तालुक्याची बातमी द्यायला लागलो तेव्हा डेस्कवर एक उपसंपादक होते. माझी पहिली मोठी बातमी पाण्याच्या टँकरची होती. आठशे शब्द. त्यांनी एसटीडीवर फोन करून विचारलं, "टँकर किती दिवस आला नाही?" मी म्हणालो, "बरेच दिवस." "बरेच म्हणजे?" मला माहिती नव्हतं. "रांगेत पहिली घागर कुणाची होती, किती वाजता लावली होती?" तेही माहिती नव्हतं. म्हणाले, "मग तू गेला होतास कशाला?" आणि फोन ठेवला. मी परत सायकल काढून गेलो. बातमी तीनशे शब्दांची झाली आणि लागली. आज ते नाहीत. आज डेस्कवर तसा फोन करायला माणूसही नाही आणि वेळही नाही. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की अंगठा येतो. चूक असली तरी अंगठा.

पण 'सत्यकथे'ची गोष्ट इथं संपत नाही. मार्च १९६९ मध्ये गिरगावात मौजेच्या दारात 'सत्यकथे'चा अंक जाळला. राजा ढाले आणि अनियतकालिकांच्या चळवळीतली पोरं होती. ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून त्या मासिकाची चिरफाड केली. म्हणणं काय होतं? की तुमची मापं ठराविक आहेत. एका प्रकारच्या माणसाचं, एका प्रकारच्या घरातलं, एका प्रकारच्या भाषेतलं लिखाण तुम्हाला चांगलं वाटतं. बाकीच्यांना तुम्ही दुरुस्त करता.

म्हणजे अभिप्राय देणाऱ्यालाच अभिप्राय मिळाला. मला दोघांचंही पटतं. पटवर्धनांच्या पत्रावर घडलेले लेखक खरे, आणि त्या पत्रात न मावणारं जग होतं हेही खरं. अंक जाळायला नको होता, असं माझं मत आहे. पण न जाळता कुणी ऐकलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली. तशी पत्रं लिहिणारी दुसरी जागा मराठीत त्या ताकदीची झाली नाही.

याच सुमाराला फुल्यांच्या पत्राचं उत्तर यायला सुरुवात झाली होती. बाबुराव बागूल १९६३ ला आलेच होते. औरंगाबादेतून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघायला लागलं. १९७२ ला नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकर तेव्हा केवढे मोठे! पण त्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं की यातले बरेच शब्द मला कळले नाहीत. ढसाळांना अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरले, मग लिहिलं. मला कळलं नाही, हे सांगणं पण अभिप्रायच आहे. माझ्या लाल पेनाला ते सुचलं नव्हतं.

आणि आपला तालुका. शरणकुमार लिंबाळे आपल्या अक्कलकोट तालुक्यातले, हन्नूरला जन्मलेले. 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आलं तेव्हा मी बालवाडीतपण नव्हतो. त्यात आपल्या भागातली भूक आहे, पाटलाचा वाडा आहे, गावकुसाबाहेरचं घर आहे. पुढं १९९६ मध्ये त्यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. मुद्दा सरळ होता, की वाचकाला आनंद देतं का, या मापानं आमचं लिखाण मोजू नका, ते माप आमच्यासाठी बनवलेलं नाही. आमच्याकडं किती जणांच्या घरात 'अक्करमाशी' आहे? स्वामी समर्थांच्या दर्शनाला देशभरातून माणूस अक्कलकोटला येतो, तालुक्याच्या ठिकाणी जन्मलेल्या त्र्यं. वि. सरदेशमुखांना 'डांगोरा एका नगरीचा'साठी साहित्य अकादमी मिळालं, लिंबाळ्यांना सरस्वती सन्मान मिळाला. आणि आपण स्टेजवर 'आपला भाग साहित्यात मागासलेला' म्हणतो. मीच म्हणालो होतो. रेकॉर्डिंग आहे.

आता परत गुरुजींच्या पुस्तकाकडं.

हे सगळं वाचल्यावर मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चांगलं आहे. खरंच चांगलं आहे, आता वाचून सांगतोय. सीमाप्रश्नाचं प्रकरण तर उत्तम. महाजन आयोगानं १९६७ मध्ये अख्खा अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असं सुचवलं, तेव्हा गावातल्या कट्ट्यावर काय बोलणं चालायचं, घरात कन्नड बोलणारी माणसं कुठल्या बाजूला होती आणि का, हे मी दुसरीकडं कुठं वाचलेलं नाही. भाषा साधी, आमच्यासारखी पेपरी नाही.

मग आलं बहात्तरच्या दुष्काळाचं प्रकरण. नऊ पानं. त्यात असं, की त्या साली गावातल्या तीन मोठ्या घरांनी पेवं उघडली, उपाशी कुणी झोपलं नाही, गाव सोडून कुणी गेलं नाही. तीन घरांची नावं आहेत. त्यातल्या एका घरातले आजचे कर्ते पुरुष प्रकाशनाला प्रमुख पाहुणे होते.

माझ्या अव्वाला मराठी वाचता येत नाही. समजतं, पण बोलते कन्नडच. मी संध्याकाळी तिला ते प्रकरण वाचून दाखवलं, अर्थ सांगत सांगत. फुल्यांचं डोक्यात होतं म्हणून म्हणा. ती शेंगा फोडत बसली होती. मी संपवलं. ती म्हणाली, "सुळ्ळ अद."

खोटं आहे.

मग बोलायला लागली. अव्वा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आईबरोबर. हाताला चिंध्या बांधून. कामावर सुकडी मिळायची ती घरी धाकट्यासाठी फडक्यात बांधून आणायची. रेशनला लाल मिलो यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. पेव उघडलं हे खरं, म्हणाली. पण फुकट नाही. दिडीनं. पोतं घेतलं तर सुगीला दीड पोतं. ज्यांना फेडता आलं नाही त्यांचं काय झालं तेही तिनं सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही, ते गुरुजींच्या पुस्तकात यायला पाहिजे. आणि गाव सोडून कुणी गेलं नाही? तिचा सख्खा मामा बायको-पोरांना घेऊन गेला, तो परत आलाच नाही. एक पत्र आलं होतं म्हणे, वाचून घेतलं होतं शाळेतल्या मास्तराकडून.

मी चाळीस वर्षं या घरात राहतोय, पत्रकार आहे, दर उन्हाळ्यात दुष्काळाची बातमी लिहितो. मला यातलं अर्धंपण माहिती नव्हतं. कारण मी विचारलं नव्हतं.

दोन दिवस मी गप्प होतो. गुरुजींचं वय अठ्ठ्याहत्तर. पुस्तक त्यांचं एकुलतं. दुसरी आवृत्ती काढायची म्हणून त्यांनी प्रेसवाल्याला पाच हजार ॲडव्हान्सपण दिलेला. शिवाय ते तीन घरांचं प्रकरण. उद्या नगरपरिषदेच्या बातमीसाठी मला त्याच लोकांकडं जायचं असतं. छलो अद म्हणून सोडून देणं किती सोपं होतं ते तुम्हाला कळेल.

तिसऱ्या दिवशी गेलो. वही घेऊन गेलो, पान नंबरासकट. आधी सीमाप्रश्नाच्या प्रकरणाबद्दल बोललो, कारण ते खरंच आवडलं होतं. मग दोन ठिकाणी सालं जुळत नाहीत ते दाखवलं. मग बहात्तर.

गुरुजी चिडले. म्हणाले, "मी तेव्हा इथंच होतो. तू जन्मला पण नव्हतास." मी म्हणालो, "अव्वा होती." ते म्हणाले, "तुझ्या अव्वाला काय माहिती?" आणि ते बोलल्यावर स्वतःच थांबले. बराच वेळ थांबले. चहा आला, गार झाला. गुरुजींनी अव्वालापण पहिलीचा एक महिना शिकवला होता. नव्यानं नोकरीला लागले होते तेव्हा. मग ती शाळेत आलीच नाही. का आली नाही हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मी निघताना म्हणाले, "प्रेसला फोन कर. थांबा म्हणावं."

परवा गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, गुरुजी काठी टेकत आमच्या घरी आले. पिशवीत शाळेची दोनशे पानी वही. अव्वा त्यांना बघून पदर सारखा करून उभी राहिली. ते म्हणाले, बस. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्यापण खडीवरच्याच. गुरुजींनी बहात्तरचं प्रकरण पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली, मराठीत एक वाक्य, मग कन्नडमध्ये त्याचा अर्थ. तिसऱ्या वाक्याला शेजारच्या अज्जीनं हात वर केला. गुरुजींनी ती ओळ पेन्सिलनं खोडली आणि चष्मा वर करून विचारलं, "मुंद?"

ती म्हणाली, मुंद नंतर. आधी खडीवर कोण कोण होतं त्यांची नावं घ्या.

अंधार पडेपर्यंत सेहेचाळीस नावं झाली. पुढच्या गुरुवारी परत बसणार आहेत. तुमच्या घरात त्या सालची खडी फोडलेली कुणी आई, अज्जी असेल तर घेऊन या, चहा आमच्याकडं.